एका ताऱ्याने भागत नाही

आयझॅक असिमोव्हची ‘नाइटफॉल’ ही कथा ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकी मासिकात सप्टेंबर १९४१मध्ये आली, तेव्हा लेखक एकवीस वर्षांचा होता. १९६८ साली अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने १९६५पूर्वीच्या उत्तम लघुकथांसाठी मतदान घेतलं, त्यात ती पहिली आली. १९९० साली रॉबर्ट सिल्व्हरबर्गच्या सोबतीने तिची कादंबरी झाली. इतकं कौतुक झालेल्या कथेवर पुन्हा लिहायचं कारण म्हणजे ती जिथे घडते ती जागा. शेवटाजवळ आपल्याला सांगितलं जातं की लागाश हा ग्रह एका प्रचंड तारकागुच्छाच्या मध्यभागी आहे आणि त्याच्या आकाशात तीस हजार सूर्य आहेत. बहुतेक वाचक त्या वाक्याचा धक्का घेऊन पुढे जातात. मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं. अशी जागा खरोखर असते, तिचा अभ्यास दोनशेहून अधिक वर्षं चाललाय आणि त्या अभ्यासाने जे दाखवलं ते कथेतल्या भीतीच्या अगदी उलट दिशेला जातं.

कथानक थोडक्यात असं. लागाशला सहा सूर्य आहेत. एक ना एक सूर्य सतत आकाशात असतो, त्यामुळे तिथल्या माणसांनी रात्र पाहिलेली नाही. दर २०४९ वर्षांनी एकच सूर्य आकाशात उरतो आणि एक न दिसणारा उपग्रह त्याला झाकतो. सारो विद्यापीठाच्या वेधशाळेत संचालक एटन, मानसशास्त्रज्ञ शीरिन, तरुण खगोलज्ञ बीने आणि पत्रकार थेरेमॉन त्या क्षणाची वाट पाहत बसलेत. आधीच्या नऊ संस्कृती अशाच रात्री जळून गेल्याचं उत्खननातून कळलंय. माणसं उजेडासाठी दिसेल ते पेटवतात. शेवटी अंधार होतो, तारे दिसतात आणि शहराच्या बाजूला क्षितिज लाल होतं.

या कथेतलं सर्वांत चांगलं पात्र माझ्या मते बीने. तारे म्हणजे दूरचे सूर्य असावेत, कदाचित चार प्रकाशवर्षांवर, असा अंदाज तो बांधतो. किती असतील? डझनभर, फार तर दोन डझन. त्याहून जास्त सूर्यांना विश्वात जागा कुठून असणार, असं त्या मंडळींना वाटतं. हाच बीने एकच सूर्य असलेल्या ग्रहाची कल्पना करतो. तिथे गुरुत्वाकर्षणाचा नियम किती सोपा दिसला असता! पण अर्धा वेळ अंधारात जाणाऱ्या अशा ग्रहावर जीव कसे तगणार, असं म्हणून तो ती कल्पना सोडून देतो. आपल्या अनुभवाचं कुंपण आपल्याला दिसत नाही, हे असिमोव्हने इथे किती सहज दाखवलंय.

आणि हाच बीने ग्रहणाच्या तोंडावर कॅमेऱ्यांपाशी उभ्या सहकाऱ्यांना बजावतो की दुर्बिणीच्या एका चित्रात दोन तारे पकडायच्या नादी लागू नका, एक मिळाला तरी बास. घाबरलेल्या माणसाची ही सूचना व्यवहारी आहे. पण गुच्छाच्या मध्यभागी उभं राहून ‘एक बास’ म्हणणं ही खगोलशास्त्राच्या दृष्टीने मोठी गफलत आहे. एका ताऱ्याने भागत नाही. ताऱ्यांच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे कळलंय, त्यातलं फार मोठं माप अशा गर्दीकडूनच मिळालंय.

*

कथेत ‘गोलाकार तारकागुच्छ’ हे नाव येत नाही, पण वर्णनाला साजेशी खरी जागा तीच. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून अधिक गुच्छ माहीत आहेत. एकेकात लाखभर ते काही लाख तारे, शे-दीडशे प्रकाशवर्षांच्या गोळ्यात स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेले. सर्वांत मोठ्या ओमेगा सेंटॉरीत सुमारे एक कोटी तारे आहेत. तो महाराष्ट्रातूनही दिसतो: एप्रिल-मेच्या रात्री, दक्षिण क्षितिजापासून जेमतेम वीस-पंचवीस अंश वर, काळोख्या जागेवरून एखाद्या पुसट ठिपक्यासारखा. टॉलेमीच्या यादीत तो एक तारा म्हणून आहे. १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने पाहिलं तेव्हा तो तारा नसल्याचं लक्षात आलं.

‘ग्लोब्युलर क्लस्टर’ हे नाव विल्यम हर्शेलने १७८९च्या निबंधात वापरलं. त्याच निबंधात त्याने आकाशाला बागेची उपमा दिली. बागेत एकाच वेळी कोंब, फूल, फळ आणि वाळलेलं पान दिसतं. एखादं झाड जन्मभर पाहत बसण्याऐवजी एकदाच सगळी बाग पाहिली तर झाडाचं आयुष्य कळतं. हर्शेलच्या हाती तेव्हा उपमाच होती. ती पद्धत व्हायला दीडशे वर्षं जावी लागली.

अडचण साधी होती. आकाशातला एखादा मंद तारा खरोखर मंद आहे की फक्त लांब आहे? विखुरलेल्या ताऱ्यांबाबत हे ठरवणं कठीण. गुच्छातले सगळे तारे मात्र आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. ओमेगा सेंटॉरी सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षं दूर आहे. त्यातला एक तारा दुसऱ्यापेक्षा शंभर प्रकाशवर्षं पुढे असला काय आणि मागे असला काय. म्हणजे तिथे जो अधिक तेजस्वी दिसतो तो खरोखरच अधिक तेजस्वी असतो. आता प्रत्येक ताऱ्याचा रंग आडव्या अक्षावर आणि तेज उभ्या अक्षावर मांडा. गर्दी विस्कळीत ठिपक्यांसारखी पसरत नाही. ती ठरावीक रेषांवर उभी राहते.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलन सँडेज, हॅल्टन आर्प आणि विल्यम बॉम यांनी कॅलिफोर्नियातल्या मोठ्या दुर्बिणींनी एम-३ आणि एम-९२ या गुच्छांतले पूर्वी न दिसलेले मंद तारे टिपले, तेव्हा ही आकृती पूर्ण दिसू लागली. खालून वर येणारी एक तिरकी रेषा: हायड्रोजन जाळणारे, आयुष्याच्या मधल्या टप्प्यातले तारे. ती एका जागी एकदम तुटते आणि उजवीकडे, लाल रंगाकडे वळते: इंधन संपत आलेले, फुगत चाललेले तारे. त्या वळणाचं गणित १९५५ साली फ्रेड हॉइल (पुढे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे मार्गदर्शक झाले तेच) आणि मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी मांडलं. गाभ्यातला हायड्रोजन संपलेला तारा तांबडा महाकाय कसा होतो, हे गुच्छाच्या आकृतीशी ताडून पाहता आलं.

ते वळण म्हणजे घड्याळ आहे. जड तारे उधळे असतात. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो, सूर्य सुमारे हजार कोटी वर्षं पुरतो, हलके तारे त्याहून कितीतरी जास्त. एकाच वर्षी दहावी झालेल्यांच्या मेळाव्याला कोण आलं आणि कोण उरलं नाही यावरून बॅच किती जुनी हे ताडता येतं, तसंच हे. आज गोलाकार गुच्छांत वळणावर उभे असलेले तारे सूर्याच्या सुमारे आठ दशांश वस्तुमानाचे आहेत. त्यावरून वय निघतं बाराशे ते तेराशे कोटी वर्षं. माणसाच्या अख्ख्या इतिहासात अशा ताऱ्याचं म्हातारपण मुंगीच्या पावलानेही सरकत नाही, तरी ते एका आकृतीत दिसतं, कारण लाखो तारे त्या वाटेच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर एकाच वेळी उभे आहेत.

*

हे डोळ्यांसमोर ठेवून ‘नाइटफॉल’चा शेवट पुन्हा वाचला की दोन गोष्टी खटकतात.

पहिली उजेडाची. गुच्छाच्या दाट गाभ्यात दोन ताऱ्यांमधलं अंतर प्रकाशवर्षाच्या दशांशाइतकं असू शकतं. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. सूर्यासारखा तारा दशांश प्रकाशवर्षावर ठेवला तर तो शुक्राच्या दहापटीहून जास्त तेजस्वी दिसेल. १००६ साली पृथ्वीवरून दिसलेला अतिनवतारा साधारण इतकाच तेजस्वी होता आणि तो दिवसाही दिसत होता. म्हणजे लागाशच्या लोकांना तारे पाहायला २०४९ वर्षं थांबायची गरज नव्हती. त्यांतले काही भर उजेडात दिसले असते. आणि ग्रहण लागलंच तर काळोख झाला नसता, चांदणं पडलं असतं, आपल्या पौर्णिमेला लाजवील असं. कथेला अंधारही हवाय आणि तीस हजार तारेही. गाभ्यात या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

दुसरी त्या ‘सूर्यां’ची. कथेचा शेवट त्यांना बलाढ्य म्हणून उभं करतो. पण बलाढ्य तारे अशा गुच्छात केव्हाच संपलेले असतात. उरलेत ते बहुतांशी सूर्याहून लहान, मंद, लालसर तारे. श्वेत बटूंची, म्हणजे विझत चाललेल्या गाभ्यांची राख. आणि त्या सगळ्यांवर चमकणारे थोडे तांबडे महाकाय. ते आकाश थंड पांढरं दिसणार नाही, त्यात केशरी निखारे जागोजागी दिसतील.

विज्ञानकथेचा असा पंचनामा करणं हा मूर्खपणा ठरू शकतो याची मला कल्पना आहे. १९४१ साली यातलं बरंचसं कुणालाच माहीत नव्हतं. पण इथे चूक कुठे शिरली ते पाहण्यासारखं आहे. असिमोव्हने पुढे सांगितलंय की शेवटाजवळचा एक काव्यमय परिच्छेद संपादक जॉन कॅम्पबेलने परस्पर घातला. लागाशच्या माणसांना ठाऊक नसलेल्या पृथ्वीचा उल्लेख त्यातच आहे आणि गुच्छही त्यातच आहे. असिमोव्हला तो रुचला नव्हता. शिवाय लोक त्याच परिच्छेदासाठी त्याची पाठ थोपटत, ही वेगळी बोच. बीनेचे चार प्रकाशवर्षांवरचे दोन डझन सूर्य आणि संपादकाचा तीस हजारांचा गुच्छ हे दोन वेगळ्या आकाशांचे तुकडे आहेत, एकमेकांना न विचारता शिवलेले. बीनेच्या आकाशात रात्र खरोखर काळी असते आणि तारे दिवसा लपतात. ते आपलंच आकाश आहे आणि भीती वाटायला ते पुरेसं आहे. मोठा आकडा आणल्याने भीती वाढली नाही, नुसती मोठ्याने बोलली गेली.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. त्या परिच्छेदाला गर्दी म्हणजे फक्त संख्या वाटते. तारे तीस हजार आहेत, उदासीन आहेत, सगळे एकसारखे आहेत, एवढंच तो सांगतो. कथेतली गावातून चालून येणारी माणसंही तशीच: चेहरा नसलेला जमाव. वर तारे, खाली माणसं, दोन्हीकडे मोजायची नाही अशी गर्दी. शीरिन, थेरेमॉन, बीने यांना असिमोव्हने इतक्या मायेने वेगवेगळं केलंय की या शेवटाचा सपाटपणा अधिकच जाणवतो.

*

खऱ्या गुच्छात कुणी एकसारखं राहत नाही, कारण तिथे शेजाऱ्यांचा परिणाम होतो. जड तारे हळूहळू मध्याकडे बसतात, हलके बाहेर फेकले जातात. काही गुच्छ सोडूनच जातात. गाभ्याने ऊर्जा गमावली की तो आकसतो आणि त्यातले तारे उलट जास्तच वेगाने धावू लागतात. असा गाभा कोसळतच गेला असता, पण त्याला जोडतारे आवरतात. जवळून जाणारा तिसरा तारा घट्ट जोडीकडून ऊर्जा घेऊन जातो आणि जोडी आणखी घट्ट होते. सैल जोडी मात्र अशा भेटीत मोडते. लागाशच्या सहा सूर्यांचं सैलसर एकत्र कुटुंब गाभ्यात अब्जावधी वर्षं टिकलं नसतं.

१९५३ साली सँडेजला एम-३मध्ये काही निळे तारे दिसले, वळण ओलांडून वर उभे, जणू बॅचमधल्या साऱ्यांचे केस पिकलेत आणि दोघा-तिघांचे काळेच आहेत. यांना ‘ब्लू स्ट्रॅगलर’ म्हणतात. त्यांचं तारुण्य उसनं असतं: दोन तारे एकमेकांत मिसळलेले, किंवा एकाने जोडीदाराचं इंधन ओढून घेतलेलं.

असा एक शोध पुणे जिल्ह्यातून लागला. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने एनजीसी १८५१ या गुच्छात २००४ साली एक स्पंदक तारा शोधला. तो सेकंदाला सुमारे दोनशे वेळा स्वतःभोवती फिरतो. असा वेग मिळायला जोडीदाराकडून हळूहळू पदार्थ यावा लागतो आणि त्या काळात कक्षा गोल होते. पण याची १८.८ दिवसांची कक्षा कमालीची लांबुळकी आहे. याचा सरळ अर्थ, ज्याने त्याला गती दिली तो जोडीदार गेला आणि गर्दीत दुसराच कुणी येऊन बसला. एकट्या ताऱ्याच्या चरित्रात हे प्रकरण लिहिताच आलं नसतं.

ग्रहांचीही गोष्ट अशीच. १९९९ साली हबल दुर्बिणीने ४७ टुकाने या गुच्छातले सुमारे ३४,००० तारे आठ दिवसांहून अधिक काळ पाहिले. सूर्याच्या परिसरासारखी स्थिती असती तर ताऱ्यासमोरून जाणारे सतराच्या आसपास महाकाय ग्रह सापडायला हवे होते. एकही सापडला नाही. एम-४मध्ये मात्र एक ग्रह माहीत आहे, गुरूच्या सुमारे अडीचपट वस्तुमानाचा, एक स्पंदक तारा आणि एक श्वेत बटू अशा जोडीभोवती फिरणारा. या गुच्छांत लोहासारखी मूलद्रव्यं सूर्याच्या मानाने पाचव्या हिश्शापासून दोनशेव्या हिश्शापर्यंत उतरतात. लागाशसारखा खडकाळ ग्रह घडवायला तिथे मालच कमी आहे.

*

एवढं झाल्यावर खगोलशास्त्रज्ञांनाच शाबासकी देऊन मोकळं होता येत नाही. त्यांनीही गर्दी चुकीची वाचली आहे.

१९१८च्या सुमारास हार्लो शॅपलीने गुच्छांतल्या रूपविकारी ताऱ्यांवरून अंतरं काढली आणि गुच्छांचा मेळा धनू राशीच्या बाजूला एकवटलाय हे दाखवलं. सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही, हे त्यातून कळलं. निष्कर्ष बरोबर होता, पण अंतरं फार मोठी निघाली होती, कारण मधली धूळ त्याने धरली नव्हती. १९९०च्या दशकात तर गुच्छांचं वय दीडशे अब्जांच्या नव्हे, पण पंधरा अब्ज वर्षांच्या आसपास निघत होतं आणि विश्वाच्या प्रसरणावरून विश्वाचं वय आठ ते बारा अब्ज. लेक आईपेक्षा मोठी! १९९७मध्ये हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांनी गुच्छ थोडे दूर सरकवले, त्यामुळे तारे अधिक तेजस्वी आणि म्हणून तरुण ठरले. पुढच्याच वर्षी विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचं कळलं आणि विश्व थोरलं झालं. आज ते १३.८ अब्ज वर्षांचं धरतात. भांडण मिटलं, पण मधल्या काळात कुणी आकृत्या जाळल्या नाहीत.

त्याहून खोल चूक ‘एकच बॅच’ या गृहीतकाची. सारे तारे एकाच ढगातून, एकाच वेळी, एकाच मिश्रणातून जन्मले, या समजावर सगळं वाचन उभं होतं. २००४ साली ओमेगा सेंटॉरीत हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची ती तिरकी रेषा दुहेरी निघाली. २००७ साली एनजीसी २८०८मध्ये तिच्या तीन पदर असलेल्या रेषा दिसल्या, हेलियमच्या कमीजास्त प्रमाणामुळे वेगळ्या झालेल्या. ओमेगा सेंटॉरी तर बहुधा आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या बटू दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा. हे पदर कसे तयार झाले यावर अजून एकमत नाही. घड्याळ मोडलं नाही, पण त्याचा काटा एक नसून अनेक काटे एकमेकांवर पडलेत हे लक्षात आलं. गर्दीला एकसारखं समजणं कथाकारालाच नाही, मोजणाऱ्यालाही सोपं वाटतं.

फरक एवढाच की मोजणाऱ्याला पुन्हा बघायला लागतं. त्याच्यापाशी काच असते. शॅपलीने वाचलेले गुच्छांतले रूपविकारी तारे सोलॉन बेलीने शोधून ठेवले होते. १८९०च्या दशकात पेरूमधल्या आरेकिपा इथल्या हार्वर्डच्या वेधशाळेत गुच्छांच्या काचा घेतल्या गेल्या, आणि बेलीने त्यांत पाचशेहून अधिक रूपविकारी तारे नोंदले. त्यांचा नीट उपयोग काय होणार, हे त्यालाही ठाऊक नसणार. हार्वर्डच्या संग्रहातल्या अशा लाखो काचा आता डिजिटल रूपात आल्यात आणि ज्यांनी त्या टिपल्या त्यांना सुचलेही नसते असे प्रश्न त्यांना विचारले जातात.

म्हणून ‘नाइटफॉल’ वाचताना माझं लक्ष शेवटच्या आगीपेक्षा त्या कॅमेऱ्यांकडे जातं. पुढच्या संस्कृतीला काही पुरावा राहावा म्हणून वेधशाळेतली माणसं ते लावून बसलीत. त्यांना ठाऊक आहे की त्या काचा पाहायला आपण शहाणे उरणार नाही. कथेत याहून धीराचं काही नाही. शेवटाचा परिच्छेद त्यांना विसरतो, आकाशाकडे बोट दाखवतो आणि घाबरतो. असिमोव्हची कथा मात्र त्यांना विसरलेली नाही. तिचा बराचसा भाग त्याच तयारीत गेलाय. पुन्हा वाचाल तेव्हा बीनेने बजावलेलं जरूर ऐका, पण मनातल्या मनात त्याला सांगा की जमलं तर दोन तारे एका चित्रात घे. दोनांची तुलना होते, एकाची होत नाही. आणि कॅमेरा थरथरला, कोन चुकला, तर त्यात दोनाऐवजी दोनशे येतील, ते पुसू नकोस.